लॅमिंग्टन रोडची ओली ओपीडी

पावसाळा आला की माणसांना सर्दी-ताप होतो आणि लॅपटॉपना शॉर्टिंग. माणसांसाठी गल्लोगल्ली डॉक्टर आहेत. लॅपटॉपसाठी मुंबईत एक अख्खा रस्ता आहे!

ग्रँट रोड स्टेशनला उतरलात की पूर्वेकडे बाहेर पडा. पाच-सात मिनिटं चाललात की दुकानांचा नूर बदलायला लागतो. केबलची भेंडोळी, सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे घोस, अॅम्प्लिफायर, सोल्डरिंग आयर्न, किलोच्या भावात विकायला काढलेले अॅडॉप्टर. फुटपाथवर उभा असलेला पोरगा तुमच्या खांद्यावरची बॅग बघूनच सगळं ओळखतो. ‘बोलो मॅडम, लॅपटॉप? रिपेअर? पानी गया क्या?’ जुलैत तर तो पहिले दोन प्रश्न गाळूनच टाकतो.

वेलकम टु लॅमिंग्टन रोड!

कागदोपत्री हा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. इथलं पोलीस स्टेशन डी. बी. मार्ग या नावाने ओळखलं जातं ते त्यामुळेच. बाकी सगळी मुंबई मात्र अजून लॅमिंग्टनच म्हणते. हा लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता. त्याआधी तो ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडचा गव्हर्नर होता आणि तिथला चॉकलेट-खोबऱ्याचा लॅमिंग्टन केक याच घराण्याचं नाव लावतो. पुढे १३ मार्च १९४० ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगने मायकल ओड्वायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा तिथे जखमी झालेल्यांत हाच लॅमिंग्टन होता. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हात १९७५ ला लागलेला ‘शोले’ पाच वर्षं मुक्काम ठोकून होता. ते मिनर्व्हाही आता गेलं. म्हणजे हिस्टरी एकदम सॉलिड. पण दुकानात उभं राहून ही हिस्टरी सांगायला गेलात तर कुणालाही वेळ नसतो. इथे राज्य चालतं ते मल्टिमीटरचं.

आणि त्या मल्टिमीटरचा फंडा काय असतो, तो एक अख्खी दुपार स्टुलावर बसून बघायचा योग मला गेल्या जुलैत आला.

‘बोर्ड गेला’ म्हणजे नक्की काय गेलं?

निमित्त होतं माझ्या रूममेटचं. आमचा दहिसरचा फ्लॅट टॉप फ्लोअरला. जुलैतल्या एका रात्री सीलिंगमधून ठिबकायला सुरुवात झाली ती थेट तिच्या टेबलावर. सकाळी उठून बघतो तर लॅपटॉपच्या की-बोर्डवर छोटंसं तळं. बटण दाबलं तर काहीच नाही. ना लाइट, ना फॅन.

आता ही बया कोण, तेही सांगायला हवं. सोलापूरची आहे, बी.कॉम., डोक्याने तल्लख. जानेवारीत तिने बऱ्यापैकी पगाराची नोकरी सोडली आणि अकरा छोट्या दुकानदारांची अकाउंट्स स्वतंत्रपणे बघायला घेतली. त्या अकरा जणांचा सगळा हिशेब त्या लॅपटॉपमध्ये. पेन ड्राइव्हवरचा शेवटचा बॅकअप एप्रिलचा. तारीख होती १६ जुलै आणि जीएसटीचं मंथली रिटर्न भरायची शेवटची तारीख २०. टेन्शन समजलं ना? लॅपटॉप काय, हप्त्यावर दुसरा घेता येतो. सहा महिन्यांत कमावलेले अकरा क्लायंट हप्त्यावर मिळत नाहीत.

ती आधी गेली कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. एसी, सोफा, टोकन नंबर. तासाभरात निकाल आला: ‘लिक्विड डॅमेज. बोर्ड शॉर्ट आहे. पूर्ण बोर्ड बदलावा लागेल, ४६ हजार. डेटा मिळणार नाही.’ हार्ड डिस्क काढून देता का, असं तिने विचारलं. तर काढायला काही नाहीच! हल्लीच्या बऱ्याच सडपातळ लॅपटॉपमध्ये स्टोरेजच्या चिप थेट बोर्डावर सोल्डर केलेल्या असतात. ॲपलवाले ज्याला लॉजिक बोर्ड म्हणतात आणि बाकी दुनिया मदरबोर्ड, तो बदलला की तुमची सगळी फाइल-दप्तरं त्याच्याबरोबर भंगारात.

‘अगं, पण त्यात बिघडलंय काय, हे कुणी बघितलंच नाही,’ ती घरी येऊन म्हणाली. अकाउंटंटच ती. बॅलन्स शीट टॅली होत नाही म्हणून कुणी पूर्ण वही फेकून देत नाही, हे तिचं लॉजिक. फरक कुठल्या पानावर आहे ते शोधायचं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्रँट रोडला.

वर या, डोकं सांभाळा

लॅमिंग्टन रोडवरची बोर्डाची खरी कामं रस्त्यावरच्या काचेच्या काउंटरवर होत नाहीत. ती होतात मागच्या गल्लीत, जुन्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर, पोटमाळ्यावर. आम्ही ज्या खोपट्यात पोचलो ते जेमतेम आठ बाय सहा. एक मायक्रोस्कोप, एक हॉट एअर मशीन, एक डीसी पॉवर सप्लाय. भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पन्नासेक डेड बोर्ड, वाण्याकडे शाम्पूच्या पुड्या टांगाव्यात तसे.

टेबलामागे चाळिशीला टेकलेला गृहस्थ. मूळचा चिपळूणचा. पाचव्या मिनिटाला आम्ही दोघी त्याला ‘दादा’ म्हणायला लागलो होतो आणि तो आम्हाला ‘मॅडम’.

दादा या धंद्यात आला तोच पाण्यामुळे. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. दादा तेव्हा अठरा वर्षांचा, एका दुकानात पडेल ते काम करणारा. पुढचे कित्येक आठवडे ऑफिसांतून टेम्पो भरभरून भिजलेले कॉम्प्युटर येत होते. ‘शेठने हातात ब्रश दिला आणि म्हणाला, धू. महिनाभर फक्त बोर्ड धुतले. धुता धुता कळायला लागलं, पाणी कुठे बसतं.’

मग २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यात त्याचं स्वतःचं घर होतं. त्याबद्दल तो एवढंच बोलला, ‘घरात पण क्रम तोच. आधी मीटर बंद. मग चिखल. मग एकेक खोली.’

पुढचे तीन तास त्याने लॅपटॉपवरही अगदी हाच क्रम पाळला.

पाणी साधं, करंट डेंजर

‘तांदळात ठेवलात का?’ हा दादाचा पहिला प्रश्न. रूममेट गप्प. ठेवला होता, दोन किलो कोलममध्ये!

तांदळाचा हा उपाय जगभर फेमस आहे आणि जगभर फोल आहे. ॲपलनेही २०२४ मध्ये आपल्या सपोर्ट पेजवर, ओला आयफोन तांदळात ठेवू नका, असं स्पष्ट लिहिलं. कारण प्रॉब्लेम नुसत्या ओलाव्याचा नसतोच. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण आपल्या आयुष्यात शुद्ध पाणी येतं कुठून? चहात साखर-दूध असतं, नळाच्या पाण्यात क्षार असतात आणि सीलिंगचं पाणी तर सिमेंट-चुना विरघळवतच खाली येतं. बोर्डावर एकमेकांना खेटून असलेल्या दोन पॉइंटवर वेगवेगळा व्होल्टेज असतो. मध्ये असला थेंब बसला की करंटला चोरवाट मिळते. त्या वाटेने धातू विरघळायला लागतो, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो, आणि मागे हिरवी-पांढरी बुरशी उरते. लॅमिंग्टनच्या भाषेत ‘कार्बन’. पाणी उडून गेलं तरी कार्बन तिथेच असतो. तो तांदूळ कसा काय शोषणार?

म्हणून दादाने सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढला. लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी काही लाइन जिवंत ठेवते आणि तोवर ही खाण्याची क्रिया चालूच राहते. मग बोर्ड बाहेर काढून मायक्रोस्कोपखाली ठेवला. आम्हालाही बघू दिलं. भन्नाट दृश्य! हिरवंगार शहर, चौकोनी बिल्डिंगा, सरळ रस्ते, आणि एका वॉर्डात शेवाळ माजलेलं.

मग आंघोळ. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, त्यानंतर अल्ट्रासॉनिक क्लीनर, त्यानंतर हॉट एअरने पूर्ण सुकवणं. ‘अर्धे बोर्ड इथेच उठतात,’ दादा म्हणाला. आमचा उठला नाही.

बीप म्हणजे शॉर्टच असं नाही

आता मल्टिमीटर. इथे जरा लक्ष द्या, बॉस. थोडं टेक्निकल आहे, पण मजा इथेच आहे.

लॅपटॉपचा बोर्ड म्हणजे पाणीपुरवठा समजा. अॅडॉप्टरमधून साधारण १९ व्होल्ट येतात, ती मेन लाइन. तिच्यातून छोट्या लाइन फुटतात: ५ व्होल्टची, ३.३ व्होल्टची, रॅमची, प्रोसेसरची. प्रत्येक छोट्या लाइनच्या तोंडाशी एक करड्या रंगाचा चौकोनी ठोकळा असतो, ती कॉइल. आता शॉर्ट म्हणजे काय? यांतली एखादी लाइन भलतीकडूनच थेट ग्राउंडला मिळते आणि सगळा करंट तिकडेच वाहून जातो. मग बाकीचं सर्किट स्वतःला वाचवण्यासाठी चालूच होत नाही. म्हणून तुमचा लॅपटॉप मेल्यासारखा पडलेला असतो.

या धंद्यात शॉर्टचे दोन प्रकार मानतात. फुल शॉर्ट, म्हणजे लाइन पूर्ण ग्राउंडला. आणि हाफ शॉर्ट, म्हणजे थोडी-थोडी गळती, जी पकडायला महाकठीण. दादाने काळा प्रोब ग्राउंडला टेकवला आणि लाल प्रोब एकेका कॉइलवर फिरवायला सुरुवात केली. ३.३ व्होल्ट: रीडिंग हजारांत, ठीक. ५ व्होल्ट: ठीक. रॅम: थोडं कमी, पण तेही ठीक.

प्रोसेसरची कॉइल: बीऽऽप! १.४ ओहम.

माझ्या रूममेटचा चेहरा पांढराफटक. बीप म्हणजे शॉर्ट, एवढं तिला एव्हाना कळलं होतं.

‘घाबरू नका,’ दादा मान वर न करता म्हणाला. ‘ही कॉइल बीप करणारच.’

प्रोसेसरमध्ये कोट्यवधी ट्रान्झिस्टर असतात आणि ते सगळे एकाच लाइनवर पाणी पीत असतात. त्यामुळे चांगल्या, धडधाकट प्रोसेसरची लाइनसुद्धा ग्राउंडशी एक-दोन ओहम दाखवू शकते. नवी पोरं फसतात ती इथेच. बीप ऐकलं की प्रोसेसर शॉर्ट म्हणून जाहीर करतात. लॅमिंग्टनवर दादाचं नाव असण्याचं कारण त्याची महागडी मशिन नाहीत. कुठलं बीप खरं आणि कुठलं खोटं, ते त्याला माहीत आहे.

मग मेन लाइन. बीऽऽप! ०.३५ ओहम. हे मात्र खरं होतं. १९ व्होल्टची लाइन फुल शॉर्ट.

फाटक उघडं की बंद?

मला वाटलं, झालं, सापडला चोर. दादाने मात्र हातातलं सगळं खाली ठेवलं आणि कटिंग मागवला.

मेन लाइनवर बोर्डभर पसरलेले डझनावारी पार्ट असतात. त्यांतला कोण शॉर्ट आहे, हे मल्टिमीटर सांगत नाही. सगळे एकाच दोरीला बांधलेले. कुठेही प्रोब लावा, रीडिंग तेच. आणि या संशयितांत दोन टाइपचे लोक होते. एक, कपॅसिटर. किरकोळ माणूस, किंमत चार-दोन रुपये. दुसरा, मॉस्फेट. तो असतो मेन लाइन आणि प्रोसेसर यांच्यामधलं फाटक. सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करून १९ व्होल्टचे साधारण एक व्होल्ट करायला मदत करतो. पाण्याने तोच जळून उघडा अडकला असेल, तर एक व्होल्टवर जगणाऱ्या प्रोसेसरच्या अंगावर सगळी मेन लाइन धावून गेली असणार. मग प्रोसेसर खलास. प्रोसेसर खलास तर बोर्ड खलास. आणि बोर्डावर सोल्डर केलेला अकरा दुकानांचा हिशेब?

हे सगळं दादाने चहा पिता पिता, अगदी शांतपणे सांगितलं. माझी रूममेट स्टुलाची कड घट्ट धरून बसली होती.

टेस्ट मात्र साधी निघाली. आता एक प्रोब मेन लाइनवर आणि दुसरा थेट प्रोसेसरच्या कॉइलवर. फाटक अडकलेलं असेल तर दोन्ही लाइन एकच झालेल्या असणार, म्हणजे रीडिंग शून्याजवळ येईल. फाटक शाबूत असेल तर मेनपासून ग्राउंडपर्यंतचा रस्ता आणि ग्राउंडपासून प्रोसेसरपर्यंतचा रस्ता, दोन्हींची बेरीज दिसेल.

०.३५ अधिक १.४. मनातल्या मनात बेरीज सगळ्यात आधी कुणी केली असेल, सांगायला नको.

मीटरवर आकडा स्थिरावला: १.७५.

‘टॅली झालं!’ ती जवळजवळ ओरडलीच. दादा पहिल्यांदा हसला.

एक व्होल्टची गंमत

फाटक ठीक, म्हणजे संशय आता कपॅसिटरवर. पण कुठल्या? त्यासाठी डीसी सप्लाय. मेन लाइन १९ व्होल्टची आहे म्हणून १९ द्यायचे नाहीत, द्यायचा फक्त एक व्होल्ट. उद्या एखादं फाटक नजरेतून सुटलंच असेल, तरी एक व्होल्ट प्रोसेसरला सोसतो. करंटला तीन अँपिअरची मर्यादा घातली आणि लाल वायर मेन लाइनला लावली.

आकडा चढला आणि २.८ अँपिअरला थांबला. एवढा करंट कुठेतरी जाणार, आणि जिथे जाणार तिथे गरम होणार. काही दुकानांत यासाठी थर्मल कॅमेरा असतो. कुणी राळेचा धूर देऊन बोर्डावर पांढरी पूड बसवतं, मग जिथली पूड वितळून पारदर्शक होते तिथे बोट दाखवतं. दादाची पद्धत सगळ्यात स्वस्त. त्याने ब्रशने बोर्डावर अल्कोहोलचा पातळ थर फिरवला आणि आम्हाला म्हणाला, ‘बघत राहा.’

आम्ही बघत राहिलो. सगळा बोर्ड ओला, चमकणारा. दोन सेकंद, तीन सेकंद. आणि मग एका कोपऱ्यात, पंख्याच्या कनेक्टरजवळ, एक ठिपका कोरडा झाला. बाकी सगळं ओलं आणि तेवढाच एक ठिपका कोरडा.

तपकिरी रंगाचा सिरॅमिक कपॅसिटर. लांबी दोन मिलिमीटर. तांदळाच्या कणीएवढा!

हॉट एअर, चिमटा, पाच सेकंद. कपॅसिटर बाहेर. परत मीटर: मेन लाइनचं रीडिंग हजारांत. शॉर्ट गायब. तिथे शेजारी-शेजारी असे सहा कपॅसिटर होते, एक कमी झाला तरी बोर्ड उठतो. पण दादाने भिंतीवरच्या एका डेड बोर्डावरून तसाच एक उतरवून तिथे बसवला. त्या भिंतीचा उपयोग मला तेव्हा कळला. ते बोर्ड म्हणजे त्याचं स्पेअर पार्टचं कपाट होतं.

रीडिंग नाचतंय!

आता १९ व्होल्ट. सप्लायवर आकडा ०.०२. बटण दाबलं. ०.०२ चे ०.३, मग ०.७, १.२, परत ०.९. ‘रीडिंग नाचलं म्हणजे प्रोसेसर विचार करायला लागला,’ दादा म्हणाला. फॅन फिरला. पण स्क्रीन काळीच.

दादाने मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरला. आत खोलवर, पाण्यात बुडाल्यासारखं फिकट चित्र दिसत होतं. म्हणजे डिस्प्ले चालू, मागचा बॅकलाइट बंद. त्याच्या कनेक्टरचा एक पिन कार्बनने खाल्ला होता. ‘ते नंतर. आधी डेटा.’ त्याने एचडीएमआयने शेजारचा मॉनिटर जोडला, आणि समोर तिचा डेस्कटॉप. सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाचा फोटो आणि त्यावर अकरा फोल्डर.

पोर्टेबल ड्राइव्हवर कॉपी व्हायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात कुणी फारसं बोललं नाही.

बिल झालं ३,२०० रुपये. वॉरंटी? दादाने हात जोडले. ‘पाण्याच्या बोर्डावर वॉरंटी मी देत नाही. चिपच्या खाली कुठे पाणी शिरलं असेल तर ते सहा महिन्यांनीही वर येतं. चालेल तितका चालवा, पण भरवसा ठेवू नका.’ इतकं स्पष्ट उत्तर मला अनेक एसी ऑफिसांत मिळालेलं नाही.

रिटर्न्स १९ तारखेलाच भरून झाली. त्या अकरा दुकानदारांपैकी कुणालाही मधल्या तीन दिवसांत काय झालं, याचा पत्ता नाही.

नकाशा कोणाकडे?

त्या दुपारनंतर एक प्रश्न मात्र माझ्या डोक्यात घोळत राहिला. चार-दोन रुपयांचा पार्ट आणि ४६ हजारांचं कोटेशन, यामध्ये नेमकं काय आहे?

एक तर वेळ. सर्व्हिस सेंटरच्या हिशेबात तीन तास एका बोर्डावर घालवणं परवडत नाही. पूर्ण बोर्ड बदलणं वीस मिनिटांचं काम. पण दुसरं कारण मोठं आहे: नकाशा. प्रत्येक बोर्डाचं स्कीमॅटिक असतं, कुठली लाइन कुठून कुठे जाते त्याचं ड्रॉइंग. बहुतेक कंपन्या ते बाहेर देत नाहीत. दादासारखे लोक ते इकडून-तिकडून मिळवतात, एकमेकांना देतात, नाहीच मिळालं तर प्रोबने एकेक रस्ता चाचपत स्वतःच काढतात. लुई रॉसमन न्यूयॉर्कमधून बोर्ड रिपेअरचे व्हिडिओ टाकून जगभर फेमस झाला, त्याचं भांडणही हेच: वस्तू मी विकत घेतली, मग तिचा नकाशा मला का नाही?

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टु रिपेअर’साठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला त्याचं पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि गाड्या ही त्यातली चार क्षेत्रं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी, तो दुरुस्त करणं किती सोपं आहे याचा दहापैकी स्कोअर लावावा लागतो. आपण दुकानात रॅम विचारतो, प्रोसेसर विचारतो, कलर विचारतो. ‘बिघडला तर उघडतो का?’ हे विचारतो का कधी?

कारण आपल्या पिढीचं सगळं या पातळ डब्यांत आहे. पगार, फोटो, प्रेमपत्रं, रिझ्युमे, कुणाचं तरी अकरा दुकानांचं करिअर. ‘बोर्ड गेला’ असं कुणी सांगितलं की आपण मान डोलवतो, कारण ते वाक्य टोकन नंबर देणाऱ्या ऑफिसातून आलेलं असतं. लॅमिंग्टनच्या पोटमाळ्यावर मी शिकले ती गोष्ट एवढीच: बोर्ड एकदम जात नाही. त्यावरचा एक काहीतरी जातो आणि तो कोण, हे क्रमाने विचारत गेलं तर बहुतेकदा सापडतं. प्रत्येक वेळी नाही. पण विचारायच्या आधी निकाल लावायची गरज नाही.

हा क्रम ज्यांच्या बोटांत बसलाय ती माणसं आजही ग्रँट रोडच्या जिन्यांवर आहेत. मात्र दादाच्या हाताखाली सध्या एकही पोरगा नाही. ‘येतात, दोन महिन्यांत जातात. मोबाइलचे ग्लास बदलण्यात पैसा लवकर सुटतो.’ त्याच्या वेळी धुवायला महिनाभर होता. आता कुणाला महिना नाही.

ओलं झालं तर…

- चार्जर काढा, पॉवर बटण दाबून धरून बंद करा. चालू होतोय का, हे ‘जस्ट एकदा’ बघू नका.
- लॅपटॉप उलटा, तंबूसारखा उभा करा. तांदूळ भाताला ठेवा. हेअर ड्रायरही नको. तो पाणी आणखी आत ढकलतो.
- त्याच दिवशी बॅटरी डिस्कनेक्ट करून घ्या. कार्बन रविवारची सुट्टी घेत नाही.
- लॅमिंग्टन रोड मात्र घेतो! रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळी तुफान गर्दी. वीकडेला दुपारी जा.
- ‘चिप लेव्हल’ काम इथेच होतं की बाहेर पाठवणार, ते आधी विचारा. तुमच्या समोर रीडिंग घेणारा माणूस निवडा.
- चेकिंगचे किती आणि झालं नाही तर किती, हे पावतीवर लिहून घ्या.
- डेटा महत्त्वाचा की लॅपटॉप, हे पहिल्या वाक्यात सांगा. त्यावर कामाचा क्रम ठरतो.
- आणि जिना चढताना डोकं सांभाळा. तिथले माळे खरंच बुटके आहेत.